हृदयाच्याही आधी

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला लागल्यानंतर पहिली नऊ वर्षे मी दर वर्षी फळ्यावर एक झाड काढत असे. बुंध्याच्या जागी हृदय, त्यातून निघणारी महारोहिणी म्हणजे जाड फांदी, पुढे रोहिण्यांच्या लहान फांद्या, त्यांना फुटलेल्या डहाळ्या आणि टोकाला पानांतल्या शिरांसारख्या केशवाहिन्या. गर्भात हे झाड हृदयापासून बाहेरच्या दिशेने वाढत जाते, असे मी सांगत असे आणि मुले ते वहीत उतरवून घेत. मोठ्या झालेल्या शरीराचे चित्र म्हणून ते झाड चालून जाते. गर्भ घडतो कसा याचे वर्णन म्हणून मात्र ते चुकीचे आहे. ही चूक मला दहाव्या वर्षी उमगली आणि त्याला निमित्त झाले भारनियमन.

तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांत कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या अवस्था दाखवायच्या असत. बाजारातली अंडी त्यासाठी उपयोगाची नसतात, कारण अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्या फार्मवर कोंबडा नसतोच. म्हणून आम्ही सरकारी उबवणी केंद्रातून फलित अंडी आणत असू आणि ३८ अंश सेल्सिअसला लावलेल्या उबवणी पेटीत ती अशा हिशेबाने ठेवत असू, की तेहतिसावा तास बरोबर प्रात्यक्षिकाच्या वेळी भरावा. मग कोमट सलाईनच्या वाडग्यात अंडे फोडायचे, बलकावर तरंगणाऱ्या फिकट चकतीभोवती फिल्टर पेपरचे कडे ठेवायचे, कड्याच्या बाहेरून कात्री फिरवायची आणि चकती अलगद उचलून वॉच ग्लासमध्ये धुऊन घ्यायची. तेहतिसाव्या तासाला त्या चकतीच्या मध्यावर एक इवली नळी थरथरताना दिसते. मुले श्वास रोखून पाहत राहतात आणि शिकवणाऱ्यालाही दर वर्षी तेवढेच नवल वाटते. त्या वर्षी रात्रभरात वीज दोनदा गेली, पेटी थंड झाली आणि सकाळी उघडलेले भ्रूण घड्याळाच्या हिशेबाने तेहतीस तासांचे असले तरी वाढीच्या हिशेबाने चार-पाच तास मागे राहिलेले निघाले. हृदयाच्या दोन बाजू मध्यावर नुकत्याच एकत्र येत होत्या आणि त्यांत कसलीच हालचाल नव्हती. मुले हिरमुसली. मी मात्र वॉच ग्लास बाजूला ठेवण्याआधी भिंग सहज चकतीच्या कडेकडे सरकवले. तिथे, हृदयापासून सर्वांत दूर, भ्रूणाच्या शेपटाकडच्या बाजूला फिकट तांबूस ठिपक्यांची दाटी झालेली होती. काही ठिपके सुटे होते, तर काही शेजारच्यांना चिकटले होते. ज्या झाडाचा बुंधा अजून हललासुद्धा नव्हता, त्याच्या पानांच्या जागी रक्त तयार झाले होते.

या ठिपक्यांना रक्तद्वीपे म्हणतात. हा शब्द मी तोवर अनेकदा उच्चारलेला होता आणि परीक्षेत त्याची व्याख्याही विचारलेली होती. तरीही त्याचा अर्थ मला लागलेला नव्हता, कारण डोक्यातले झाड मी कधी खाली ठेवलेच नव्हते.

माझी आजी कोरेगाव तालुक्यातल्या गावी कोंबड्या पाळायची. कोंबडी खुडूक झाली की टोपलीत भुसा पसरून तिला अंड्यांवर बसवायची आणि पाच-सहा दिवसांनी रात्री एकेक अंडे चिमणीच्या उजेडासमोर धरून पाहायची. ज्या अंड्यात नुसताच पिवळा उजेड दिसे ते बाजूला निघे. ज्याच्या आत तांबडे तंतू पसरलेले दिसत त्याबद्दल ती म्हणे, “ह्यानं जाळं धरलंय बघ.” प्राणिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊनही मी झाडच काढत राहिले. आजीचा जाळे हा शब्द त्या भारनियमनाच्या सकाळी मला आठवला आणि अधिक खरा वाटला. झाड एका जागेतून निघते. जाळ्याला अशी सुरुवातीची जागा नसते.

हृदयालाच आधी मानण्याची सवय मात्र फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने उबवलेली अंडी एकेक करून फोडून पाहिली होती आणि तीन दिवस-रात्रींनंतर दिसणाऱ्या, सजीवासारख्या उसळणाऱ्या लाल ठिपक्याचे वर्णन करून ठेवले होते. हृदय सर्वांआधी घडते, असा त्याचा निष्कर्ष होता आणि उघड्या डोळ्यांना जे दिसत होते त्यावरून तो गैर म्हणता येत नाही. विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले, पण रोहिण्यांतले रक्त नीलांमध्ये कुठून उतरते हे त्यांना दिसू शकले नाही. तो दुवा १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगी यांना बेडकाच्या फुप्फुसात सापडला आणि पुढे दहा-बारा वर्षांनी त्यांनीच कोंबडीच्या भ्रूणाभोवतालच्या वाहिन्यांची रेखाटने केली. सूक्ष्मदर्शक हातात आल्यावर खरा वाद पेटला तो अठराव्या शतकात, आणि मला तो फार मोलाचा वाटतो, कारण त्यातला पुरावा याच जाळ्यातून काढलेला होता.

अल्ब्रेख्त फोन हालर हे त्या काळातले शरीरशास्त्रातले सर्वांत मोठे नाव. गर्भात सर्व अवयव पहिल्यापासूनच असतात, ते केवळ पारदर्शक आणि बारीक असल्यामुळे दिसत नाहीत, असे मत त्यांनी १७५८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्या अभ्यासावरून मांडले. पुढच्याच वर्षी कास्पार फ्रीडरिख वोल्फ नावाच्या, पंचविशी जेमतेम गाठलेल्या तरुणाने हाले येथे सादर केलेल्या प्रबंधात याच्या नेमके उलट सांगितले. बलकावरच्या चकतीत आधी केवळ लहान गोलकांचा थर असतो, मग त्यात फटी पडतात, त्यांत द्रव साठतो आणि त्या फटी जोडल्या जाऊन वाहिन्या होतात, हे त्याने टप्प्याटप्प्याने पाहिले होते. त्याचा युक्तिवाद साधा होता. ज्या कणांपासून अवयव बनतो ते कण भिंगातून स्वच्छ दिसत असतील आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा असलेला अवयव दिसत नसेल, तर तो लपलेला नसून अजून झालेलाच नाही. हालर यांना हे पटले नाही. वोल्फ यांना जर्मनीत प्राध्यापकाची जागा मिळाली नाही आणि १७६७ मध्ये ते सेंट पीटर्सबर्गला निघून गेले. जे आधी नव्हते ते नव्याने घडते, हे रक्तवाहिन्यांच्या साहाय्याने पहिल्यांदा दाखवणाऱ्या माणसाचे नाव आमच्या अभ्यासक्रमात एका ओळीपुरतेही नव्हते, याचे मला अजून वाईट वाटते.

वोल्फ यांनी थरात पडणाऱ्या फटी पाहिल्या. त्या फटी कोण तयार करते हे जिवंत भ्रूणात पाहण्याचे श्रेय फ्लॉरेन्स सेबिन यांचे. १९१७ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या स्त्री. तोवर बहुतेकजण भ्रूण मारून, रंगवून, त्याचे काप काढून पाहत. सेबिन यांनी कोंबडीच्या भ्रूणाची चकती काचेवर जिवंत ठेवली, सूक्ष्मदर्शक उबदार पेटीत बसवला आणि उबवणीच्या दुसऱ्या दिवसाचे तास रात्र जागून पाहिले. मध्यस्तरातल्या, म्हणजे चकतीच्या मधल्या थरातल्या, काही पेशी शेजाऱ्यांपासून वेगळ्या होतात, त्यांचे पुंजके बनतात, पुंजक्यांतून कोंब निघून दुसऱ्या पुंजक्यांना भेटतात, बाहेरच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचे अस्तर होतात आणि आतल्या गोल राहून तांबड्या पेशी होतात, हे त्यांनी १९२० मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. वाहिनी आणि तिच्यातले रक्त एकाच पुंजक्यातून निघताना आणि त्याच रात्री हृदयाचा पहिला ठोका पडताना पाहणे हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत थरारक अनुभव होता, असे त्यांच्याविषयी सांगतात. रात्रभर पेटीजवळ बसलेल्या माणसाला तसे वाटणारच, हे मला सांगायला कुणी लागत नाही.

आपल्याकडे जिवंत भ्रूण काचेवर वाढवण्याची ही शिस्त पुण्यात रुजली. एडिनबरो येथे भ्रूणशास्त्रज्ञ वॉडिंग्टन यांच्याकडे काम करून आलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या भ्रूणावर प्रयोग करण्याची परंपरा उभी केली. वॉच ग्लास आणि कडे ही माझी हत्यारे त्याच घरची.

आता ठिपक्यांचे जाळे होते कसे, याकडे येते. मध्यस्तराच्या पेशींखाली अंतःस्तराचा थर असतो आणि त्यातून व्हीईजीएफ नावाचे प्रथिन पाझरते. ज्या पेशींच्या पृष्ठभागावर ते ओळखणारा ग्राही असतो, त्या वाहिनीच्या मार्गाला लागतात. १९९५ मध्ये जॅनेट रॉसंट यांच्या गटाने हा ग्राहीच नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या भ्रूणांत रक्तद्वीपे झाली नाहीत, वाहिन्या झाल्या नाहीत आणि नवव्या दिवसाच्या आसपास ते भ्रूण मेले. त्याहून विलक्षण निष्कर्ष पुढच्या वर्षी आला. व्हीईजीएफच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच गेली तरी उंदराचा भ्रूण अर्ध्या वाटेवर दगावतो, असे दोन स्वतंत्र गटांनी दाखवले. बहुतेक जनुकांच्या बाबतीत एक प्रत शाबूत असली की निभावते, पण इथे निम्मे प्रमाणही पुरत नाही. मीठ असणे पुरेसे नसून ते नेमके असावे लागते, अशी ही गोष्ट आहे.

सुट्या पेशी जागच्या जागी जमून वाहिनी होण्याला व्हॅस्क्युलोजेनेसिस म्हणतात आणि झालेल्या वाहिनीला फुटवा येऊन नवी वाहिनी होण्याला अँजिओजेनेसिस. पाठीच्या कण्यालगतची महारोहिणी, जी माझ्या फळ्यावर हृदयातून उगवत असे, ती पहिल्या प्रकाराने बनते. शरीराच्या दोन्ही बाजूंना पेशी रांगेने जमतात, त्यांची भरीव दोरी होते आणि मग ती दोरी आतून पोकळ होते. ही पोकळी पडण्याची उंदरात सापडलेली एक रीत मला फार आवडते. समोरासमोरच्या पेशींच्या पृष्ठभागांवर ऋण विद्युतभार असलेली साखरयुक्त प्रथिने जमतात, सारखे भार एकमेकांना दूर लोटतात आणि मधे चीर पडते. रक्ताने दाब देऊन वाट फोडलेली नसते. वाट आधी उघडते आणि रक्त मागाहून येते.

सुरुवातीला महारोहिणी एक नसते, दोन असतात, उजवी आणि डावी. मधोमध पृष्ठरज्जू, म्हणजे भ्रूणाच्या पाठीतला आधाराचा दांडा, असतो आणि त्यातून नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिने बाहेर पडून आसपास वाहिन्या होऊ देत नाहीत. काही काळाने हा मज्जाव सैल होतो, दोन्ही नळ्या मध्याकडे सरकतात आणि एकमेकींत मिसळतात. आपल्या प्रत्येकाच्या शरीरातली ही सर्वांत मोठी रोहिणी दोन नळ्यांची एक झालेली आहे आणि जिथे ती एक झाली ती जागा तोवर राखून ठेवलेली होती, हे कळल्यावर मी काही दिवस ज्याला-त्याला हेच सांगत सुटले होते.

एवढे होईपर्यंत हृदयाची धडधड सुरू झालेली असते, कोंबडीत ३३ ते ३८ तासांच्या दरम्यान, माणसात साधारण बाविसाव्या दिवशी. पण कोंबडीत खरे अभिसरण आणखी काही तासांनी, दुसरा दिवस संपत आल्यावर सुरू होते. आरंभी फिरतो तो बहुतांशी नुसता द्रव. तांबड्या पेशी द्वीपांतच थबकलेल्या असतात आणि मग एकेक करून सुटून प्रवाहात येतात. चाळिसाव्या तासानंतर भिंगाखाली ही घटना पाहायला मिळाली तर ती कुणी चुकवू नये. एखादी पेशी पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते, आणि थोड्या वेळाने मागे येणे थांबते.

इथून पुढे जाळ्याचे रूप ठरवतो तो प्रवाह. पहिल्या पावसानंतर आमच्या शेतात ढेकळांमध्ये सर्वत्र डबकी साचत, ती काठोकाठ भरली की एकमेकांत उतरत आणि शेवटी पाण्याला दोन-तीन ओघळच पसंत पडत. ते ओघळ खोल होत जात आणि बाकीची डबकी आटून जात. पहिले जाळे असेच सगळीकडे सारख्या बारीक वाहिन्यांचे असते. रिखार्ड थोमा यांनी १८९३ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाच्याच अभ्यासातून मांडले होते, की ज्या वाहिनीतून ओघ वेगाने जातो ती रुंदावते, ज्यातून मंदावतो ती आक्रसून नाहीशी होते आणि भिंतीची जाडी आतल्या दाबावर ठरते. त्यानंतर बराच काळ हा विषय मागे पडला. पुढे १९९८ मध्ये, अभिसरण सुरू होण्यापूर्वीच काही पेशींवर रोहिणीची आणि काहींवर नीलेची आण्विक खूण असते असे दिसले, तेव्हा सगळे आधीच ठरलेले असते असे म्हणण्याकडे कल झुकला. हालर पुन्हा वर्गात येऊन बसले म्हणायचे. पण २००४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणाबाहेरच्या जाळ्यातली एक रोहिणी बांधून ओघ बदलला, तेव्हा रोहिणी होऊ घातलेल्या वाहिन्या रूपाने आणि जनुकांच्या खुणांनीही नीला झाल्या. खूण असते, पण ती पुसताही येते.

त्याहून बोलका प्रयोग २००७ चा, उंदराच्या पीतककोशावरचा, म्हणजे भ्रूणाबाहेरच्या पिशवीवरचा. तांबड्या पेशींना द्वीपांतच अडकवून ठेवले, प्रवाहात येऊच दिले नाही. हृदय चालू होते, द्रव फिरत होता, प्राणवायूची चणचण नव्हती, तरीही जाळे तसेच बाळबोध राहिले आणि मोठ्या वाहिन्या झाल्या नाहीत. मग संशोधकांनी स्टार्चपासून केलेले दाट द्रावण आत सोडले. त्यात एकही रक्तपेशी नव्हती, फक्त रक्ताचा दाटपणा होता, आणि तेवढ्यानेच वाहिन्या रुंदावू लागल्या. भ्रूणातल्या पहिल्या रक्ताचे पहिले काम प्राणवायू वाहणे हे नसून भिंतींना घासत जाणे हे आहे, असे या प्रयोगावरून मला वाटते. हे वाचले त्या दिवशी मी फळ्यावर झाड काढणे कायमचे थांबवले. आता मी ठिपके काढते, ते जोडते, आणि मग काही रेषा जाड करत काही पुसत जाते. मुलांना या आकृतीची वहीत नक्कल करता येत नाही. ती त्यांना स्वतः पुसून-पुसून काढावी लागते.

दुसऱ्या प्रकाराने, म्हणजे फुटव्याने होणाऱ्या वाढीबद्दल मी वर्गात घाईनेच बोलत असे. तिकडे लक्ष वेधले ते गेल्या वर्षी, भाचीची मुलगी एकोणतिसाव्या आठवड्यात जन्माला आली तेव्हा. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांची तपासणी झाली आणि रात्री भाचीचा फोन आला. “मावशी, डॉक्टर म्हणाले, पडद्यावरच्या रक्तवाहिन्या अजून कडेपर्यंत पोहोचल्या नाहीत, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू. म्हणजे गं काय?”

माणसाच्या डोळ्याच्या पडद्यात सोळाव्या आठवड्यापर्यंत रक्तवाहिनी नसते. मग चेतातंतू जिथून डोळ्यातून बाहेर पडतो त्या जागेपासून जाळे चारही बाजूंना सरकू लागते आणि नाकाकडची कड छत्तिसाव्या, तर कानाकडची कड चाळिसाव्या आठवड्याच्या सुमाराला गाठते. प्रत्येक फुटव्याच्या टोकाला एक पेशी असते. ती बोटांसारखे बारीक तंतू पसरून व्हीईजीएफचा माग काढत पुढे जाते आणि शेजारणींना टोक होण्यापासून रोखते, त्यामुळे त्या मागे राहून नळी बनवतात. व्हीईजीएफ येते ते पुढच्या, अजून रक्त न पोहोचलेल्या भागातून, कारण तिथे प्राणवायू कमी असतो. ही उणीवच जाळ्याला पुढे बोलावते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला गर्भातल्यापेक्षा पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, फुप्फुसांसाठी तो द्यावाही लागतो, पण त्यामुळे पुढून येणारी हाक थांबते आणि जाळे अर्ध्यावर अडते. पुढे पडदा वाढतो, त्याची भूक वाढते आणि ती हाक एकाएकी मोठ्याने येते. तेव्हा वाहिन्या शिस्त सोडून पडद्याबाहेर फुटल्या तर पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. म्हणूनच आपल्या देशात ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मानंतरच्या ३० दिवसांत तपासावेत असे सांगितलेले आहे, आणि अगदी लहान बाळांच्या बाबतीत त्याही आधी. ही तारीख चुकवू नये, हे मी आता वर्गात भ्रूणशास्त्राचा भाग म्हणूनच सांगते. मुलांपैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात त्याचा उपयोग होईल.

भाचीला मी फोनवर एवढेच म्हटले, की जाळे वाटेत आहे, थांबलेले नाही ना हे ते पाहत आहेत. दुसऱ्या तपासणीला मी तिच्यासोबत गेले. बाळाच्या डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या होत्या, डॉक्टरांनी कपाळाला बांधलेल्या दिव्याचा झोत भिंगातून आत सोडला, आणि त्या अंधाऱ्या खोलीत मला चिमणीसमोर अंडे धरून उभी असलेली आजी आठवली. वाहिन्या पुढे सरकल्या होत्या, पण कड अजून दूर होती. तिसऱ्या वेळी थोडी उरली होती.

चौथ्या तपासणीचा कागद भाचीने मला दाखवला. दोन वर्तुळे छापलेली होती, एकेका डोळ्याचे एकेक, आणि डॉक्टरांनी त्यांच्या मध्यापासून निघालेल्या रेषा पेनाने थेट परिघाला टेकवल्या होत्या. खाली लिहिले होते, दोन्ही डोळ्यांत वाहिन्या पूर्ण, पुढील तपासणी सहा महिन्यांनी.